सिकलसेल, जडीबुटी आणि मोजमापाचा प्रश्न

नागपुरात सिकलसेलवर चर्चा निघाली की ती फार लवकर एकाच जागी येऊन अडते. एक जण म्हणतो, आमच्या जंगलात याचं औषध आहे, पण कंपन्यांना ते बाहेर येऊ द्यायचं नाही. दुसरा म्हणतो, हा जनुकांचा आजार आहे, पाल्यामुळ्यांनी जनुक बदलत नाही, तेव्हा असल्या संशोधनावर सरकारने एक रुपयाही घालवू नये. मग आयुर्वेद विरुद्ध ॲलोपॅथी, देशी विरुद्ध विदेशी अशी ठरलेली लढाई सुरू होते आणि दोन्हीकडचे लोक आपापल्या टाळ्या घेऊन घरी जातात. ज्याच्या नावाने हे चाललेलं असतं, तो गडचिरोलीहून किंवा बालाघाटहून रात्रभर प्रवास करून मेडिकलला, म्हणजे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पोहोचलेला, हातापायांच्या वेदनेने कळवळणारा मुलगा या वादात कुठेच नसतो.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. सिकलसेलवर औषधी वनस्पतींचं संशोधन व्हायला हवं, सरकारी पैशाने व्हायला हवं आणि ते नागपुरात व्हायला हवं. पण त्या वनस्पतीला लावायचं माप तेच असायला हवं, जे आज सिकलसेलवर वापरात असलेल्या हायड्रॉक्सियुरिया या गोळीला लावलं गेलं. रुग्णाला वर्षभरात वेदनेचे झटके किती आले? किती वेळा भरती व्हावं लागलं? किती वेळा रक्त चढवावं लागलं? परीक्षानळीत काय दिसलं, हे या प्रश्नांचं उत्तर होऊ शकत नाही. आणि उत्तर मिळेपर्यंत एकाही मुलाची चालू गोळी बंद होता कामा नये.

आधी आजाराकडे नीट पाहू, कारण बराचसा गोंधळ तिथूनच सुरू होतो. सिकलसेलला आपण रक्ताचा आजार म्हणतो आणि तो आहेच, पण त्याचा मार बसतो रक्तवाहिन्यांना. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटॅमिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं, एवढाच मूळ बदल. लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1949 मध्ये हा रेणूतल्या दोषाचा आजार असल्याचं दाखवलं आणि पुढे सात-आठ वर्षांत व्हर्नन इंग्रम यांनी नेमका दोष शोधला. या बदललेल्या हिमोग्लोबिनने प्राणवायू सोडला की त्याचे रेणू एकमेकांना चिकटून लांब तंतू बनतात. पेशी विळ्यासारखी वाकते, ताठर होते. निरोगी लाल पेशी सुमारे 120 दिवस जगते, ही 10 ते 20 दिवसांत फुटते. फुटली की आतलं हिमोग्लोबिन रक्तात मोकळं सुटतं आणि वाहिन्या सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साइड संपवून टाकतं. वाहिन्यांच्या आतल्या अस्तराला सूज येते, त्यावर पांढऱ्या पेशी आणि ताठर लाल पेशी चिकटू लागतात आणि रस्ता बंद पडतो. बंद पडलेली वाहिनी हाडातली असेल तर असह्य वेदना, खुब्यातली असेल तर ऐन तारुण्यात खुबा निकामी, मेंदूकडे जाणारी असेल तर शाळकरी पोराला लकवा. आईवडील दोघंही वाहक, म्हणजे प्रत्येकी एक सदोष जनुक असलेले, असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल सिकलसेलग्रस्त होण्याची शक्यता चारात एक.

हे सांगायचं कारण असं की ‘अमुक वनस्पती सिकलसेलवर चालते’ या वाक्याला एकट्याने काही अर्थ नाही. चालते म्हणजे काय करते? तंतू बनणं थांबवते? पेशीचं आवरण लवचीक ठेवते? वाहिनीच्या अस्तराची सूज उतरवते? की फक्त वेदना बोथट करते? यातली कुठलीही गोष्ट उपयोगाची ठरू शकते, पण प्रत्येकीची तपासणी वेगळी आहे. ‘जनुक बदलत नाही, म्हणून वनस्पतीचा उपयोग नाही’ हा विरोधकांचा मुद्दाही याच ठिकाणी कोसळतो. हायड्रॉक्सियुरिया तरी जनुक कुठे दुरुस्त करते? 1948 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या डॉक्टर जेनेट वॉटसन यांनी पाहिलं की सिकलसेल असलेल्या नवजात बाळांना सुरुवातीचे काही महिने त्रास होत नाही, कारण त्यांच्या रक्तात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन अजून शिल्लक असतं. हायड्रॉक्सियुरिया तेच गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन पुन्हा वाढवते. दोष जागच्या जागी राहतो, परिणाम सौम्य होतो. जे एका रसायनाला जमलं, ते वनस्पतीतल्या एखाद्या रसायनाला जमणारच नाही, असं सांगणारा निसर्गनियम मला माहीत नाही.

आता जडीबुटीच्या बाजूचा सगळ्यात बळकट मुद्दा. तो औषधाविषयी कमी आणि अन्यायाविषयी जास्त आहे, आणि तो खरा आहे. शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी या आजाराचं पहिलं वर्णन 1910 मध्ये छापलं. या आजारासाठी म्हणून अमेरिकेत पहिलं औषध मंजूर झालं 1998 मध्ये. तेही मुळात कर्करोगासाठी वापरलं जाणारं हायड्रॉक्सियुरिया. म्हणजे 88 वर्षं. भारतात नीलगिरीतल्या आदिवासींमध्ये हा आजार 1952 मध्ये दिसला आणि 1958 मध्ये शुक्ला आणि सोळंकी यांचा मध्य भारतातल्या सिकलसेलवरचा लेख ‘लॅन्सेट’मध्ये आला. देशपातळीवरचं सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं 1 जुलै 2023 रोजी, मध्य प्रदेशातल्या शहडोलहून. मधली 65 वर्षं काय झालं? काही भल्या माणसांनी काम केलं. नागपूरच्या संपत रामटेके यांनी रुग्णांना संघटित केलं, त्यांना 2018 मध्ये पद्मश्री मिळाली. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला. पण विदर्भात हा आजार ज्यांच्यात जास्त आढळतो, ते गोंड, परधान आणि इतर आदिवासी, बौद्ध आणि इतर कष्टकरी समाज. हाच आजार शहरातल्या बंगल्यांमधून आढळला असता, तर एवढी वर्षं लागली असती का? आणि आज बरं करणारं म्हणून जे जनुकीय उपचार आले आहेत, त्यांची 2023 मध्ये अमेरिकेत जाहीर झालेली किंमत एका रुग्णामागे 22 ते 31 लाख डॉलर होती. कुरखेड्याच्या शेतमजुराला हा आकडा सांगून उपयोग काय? अशा माणसाने गावातल्या वैदूकडून पुडी घेतली तर त्याला अडाणी म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. वैदू त्याच्या घरी येतो, त्याच्या भाषेत बोलतो, पैसे नंतर दिले तरी चालतं म्हणतो. आपली आरोग्यव्यवस्था यातलं काय करते?

पण या सगळ्यातून ती पुडी गुणकारी आहे हे सिद्ध होत नाही. उपेक्षेवरून फक्त उपेक्षा सिद्ध होते. ज्यांची इतकी वर्षं उपेक्षा झाली, त्यांना कमी पुरावा चालेल, हे म्हणणं मला त्या उपेक्षेचंच पुढचं पाऊल वाटतं. धरमपेठेतल्या हृदयरोग्याला देताना औषध हजारो माणसांवर तपासलेलं लागतं आणि एटापल्लीच्या मुलीला मात्र ‘आजोबांच्या काळापासून चालत आलंय’ एवढ्यावर दिलं तरी भागतं? आदिवासींच्या ज्ञानाचा खरा मान ते ज्ञान तपासायच्या लायकीचं आहे असं मानण्यात आहे.

‘पिढ्यानपिढ्यांचा अनुभव’ हा युक्तिवादही इथे नीट पारखून घ्यावा लागतो. अनुभवाला किंमत नाही असं मी म्हणत नाही. सर्पदंश झाला की माणूस काही तासांत किंवा दिवसांत वाचतो किंवा जातो, जुलाब थांबतात किंवा थांबत नाहीत. तिथे अनुभव बऱ्यापैकी शहाणा करतो. सिकलसेलचा स्वभाव वेगळा आहे. वेदनेचा झटका येतो, काही दिवस छळतो आणि बहुतेक वेळा आपोआप उतरतो. उतरायच्या आदल्या दिवशी जो काढा दिला, त्याला श्रेय मिळतं. एखाद्या मुलाला वर्षात सहा झटके येतात, शेजारच्या मुलाला दोन वर्षांत एकही नाही. त्यातून आपल्या भागातल्या बहुतेक रुग्णांमध्ये या जनुकाचा जो प्रकार आढळतो, त्याला अरब-भारतीय म्हणतात, त्यात गर्भावस्थेतल्या हिमोग्लोबिनचं प्रमाण मुळातच जास्त राहतं. त्यामुळे काहींचा आजार सौम्य जातो, तरी विदर्भात गंभीर रुग्णही भरपूर आहेत. वैदूकडे जाणारा माणूस झटका ऐन भरात असताना जातो, म्हणजे त्यानंतर उतारच असतो. वैदू प्रामाणिक, रुग्ण प्रामाणिक, आणि तरी निष्कर्ष चुकीचा, असं इथे सहज घडू शकतं. म्हणून अर्ध्या रुग्णांना औषध आणि अर्ध्यांना तशाच दिसणाऱ्या निरुपद्रवी गोळ्या, कोणाला काय दिलं हे डॉक्टरलाही माहीत नाही, अशी चाचणी करावी लागते. तिच्यावाचून स्वभावतः उतरणारी वेदना आणि औषधाने उतरलेली वेदना वेगळी ओळखता येत नाही.

आता प्रयोगशाळेकडे. औषधनिर्माणशास्त्राच्या महाविद्यालयांतून दरवर्षी असे प्रबंध होतात. पद्धत साधारण ठरलेली आहे. सिकलसेल रुग्णाचं थोडं रक्त घ्यायचं, त्यात सोडियम मेटाबायसल्फाइट घालून प्राणवायू काढून टाकायचा म्हणजे पेशी विळ्यासारख्या होतात, मग वनस्पतीचा अर्क घालून सूक्ष्मदर्शकाखाली किती पेशी पुन्हा गोल दिसतात ते मोजायचं. ऐंशी टक्के गोल दिसल्या की शीर्षकात ‘सिकलसेलरोधक’ हा शब्द येतो आणि दुसऱ्या दिवशी बातमी छापून येते. या प्रयोगाला मी नावं ठेवत नाही, तो स्वस्त आहे आणि पहिली चाळण म्हणून चांगला आहे. पण त्यात काय सुटतं ते पाहा. नळीत अर्काचं जे प्रमाण असतं, तेवढं रक्तात पोहोचवायला माणसाला किती काढा प्यावा लागेल, हे क्वचितच कोणी काढतं. साल, हिरडा, डाळिंबाची टरफलं यांच्यात टॅनिन भरपूर असतं. टॅनिन प्रथिनांना धरतं आणि पेशीच्या आवरणावरही परिणाम करतं, तेव्हा गोल दिसणारी पेशी सुधारली आहे की नुसतीच थिजली आहे, हे वेगळं तपासावं लागतं. पोटात गेल्यावर आतड्यातून किती शोषलं जातं, यकृत त्याचं काय करतं, हे नळी सांगूच शकत नाही. आणि वनस्पती तरी एकच कुठे असते? मेळघाटातली पावसाळ्यानंतर काढलेली साल आणि इतवारीच्या बाजारातली, कधी आणि कुठून आली हे कोणालाच माहीत नसलेली साल, या दोन्हींत तेच रसायन त्याच प्रमाणात असेल याची हमी कोण देणार? अर्काचं क्रोमॅटोग्राफीने, म्हणजे त्यातले घटक वेगळे करून मोजण्याच्या पद्धतीने, प्रमाणीकरण केल्याशिवाय पुढचा सगळा आकडेमोडीचा खटाटोप वाया जातो.

कोणी म्हणेल, हे सगळे नियम वनस्पतींना अडवण्यासाठी रचले आहेत. इतिहास याच्या उलट आहे. 1970 च्या सुमाराला अमेरिकेत युरिया हा सिकलसेलवरचा मोठा शोध म्हणून गाजला. नळीत युरिया घातला की विळ्यासारख्या पेशी सरळ होत. रुग्णांना शिरेतून युरिया दिला गेला, शिस्तशीर चाचणी झाली आणि झटके लवकर संपत नाहीत हे स्पष्ट झालं. त्याच काळात सायनेट हे दुसरं रसायन आलं. त्याचं गणित तर आणखी सुरेख होतं. ते हिमोग्लोबिनला खरोखर चिकटतं, प्राणवायू धरून ठेवायला लावतं, रक्तातल्या पेशी जास्त टिकतात. पण चाचणीत वेदनेचे झटके कमी झाले नाहीत आणि काही रुग्णांच्या नसांना इजा झाली, डोळ्यांत मोतीबिंदू दिसले. सायनेट बाजूला पडलं. ही दोन्ही आधुनिक रसायनं होती, नामांकित संशोधकांची होती. त्यांना कोणी सवलत दिली नाही.

आणि हा जुना इतिहास आहे असंही कोणी समजू नये. व्हॅनिलिन, म्हणजे व्हॅनिलाच्या शेंगेतला सुवासिक पदार्थ, सिकल हिमोग्लोबिनला चिकटून त्याचे तंतू होऊ देत नाही, हे बरंच आधी प्रयोगशाळेत दिसलं होतं. त्याच कुळातल्या, आल्डिहाइड म्हणवणाऱ्या सुगंधी रसायनांवर पुढे बरीच वर्षं काम झालं आणि त्या वाटेवर व्हॉक्सेलोटर हे औषध तयार झालं. 2019 मध्ये अमेरिकेत त्याला झटपट मंजुरी मिळाली, कारण ते हिमोग्लोबिनचा आकडा वाढवत होतं. आकडा वाढतोय म्हणजे रुग्णाचं भलं होणारच, असं गृहीत धरलं गेलं. सप्टेंबर 2024 मध्ये फायझर कंपनीने ते जगभरातून मागे घेतलं. पुढच्या चाचण्यांमध्ये वेदनेचे झटके आणि मृत्यू औषध घेणाऱ्यांमध्येच जास्त दिसत होते. ज्यांना वाटतं की पाश्चात्त्य औषधांना एक न्याय आणि आपल्या काढ्यांना दुसरा, त्यांनी या एका घटनेवर शांतपणे विचार करावा. अब्जावधी डॉलरची कंपनी, मंजूर झालेलं औषध, सुधारलेला हिमोग्लोबिनचा आकडा, आणि तरी शेवटी रुग्णाच्या झटक्यांनी आणि जिवानेच निकाल दिला. तोच निकाल मी वनस्पतींसाठी मागतो आहे.

आपल्याकडच्या गुग्गुळाची गोष्टही याच मापाने वाचायला हवी. 1966 मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात जी. व्ही. सत्यवती यांनी गुग्गुळावर प्रबंध लिहिला. मेदोरोगाच्या जुन्या वर्णनापासून सुरुवात करून त्यांनी सशांवर प्रयोग केले आणि कोलेस्टेरॉल उतरताना पाहिलं. आपल्या वैद्यकीय इतिहासातला हा फार देखणा प्रबंध आहे. पुढे लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने त्यातून औषध केलं, 1980 च्या दशकात ते बाजारात आलं. 2002 मध्ये त्यातलं द्रव्य यकृतातल्या पेशींच्या कुठल्या रिसेप्टरवर (संदेश घेणाऱ्या प्रथिनावर) काम करतं तेही सापडलं. यंत्रणा हाती, परंपरा पाठीशी. मग 2003 मध्ये अमेरिकेत 103 जणांवर आठ आठवड्यांची चाचणी झाली आणि वाईट कोलेस्टेरॉल उतरण्याऐवजी थोडं वाढलं. यावर आपल्याकडे आक्षेप आले की खाणं वेगळं, प्रकृती वेगळी. आक्षेप अगदीच निराधार नाही. पण मग त्याचं उत्तर म्हणून तेवढीच काटेकोर आणि त्याहून मोठी चाचणी इथे करायला हवी होती. वर्तमानपत्रातल्या निषेधाने तो प्रश्न सुटत नाही.

इथवर वाचून संशयवादी मंडळी खूश झाली असतील. पण त्यांचा निष्कर्ष, म्हणजे ‘हे सगळं बंद करा’, मला मान्य नाही. सर्पगंधा आठवा. 1931 मध्ये कोलकात्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिच्या रक्तदाब उतरवण्याच्या गुणाविषयी लिहिलं, त्याच सुमाराला सलीमुझ्झमान सिद्दीकी यांनी तिच्यातली अल्कलॉइड नावाची क्रियाशील रसायनं वेगळी काढली. तरी जग ढिम्म होतं. 1949 मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. रुस्तम वकील यांनी 50 रुग्णांचा रक्तदाब औषधाआधी आणि औषधानंतर मोजून ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापला आणि जग वळलं. तीन वर्षांत तिच्यातलं रिसर्पिन हे रसायन हाती आलं. पुढे त्याने काही रुग्णांना नैराश्य येतं असं दिसू लागलं आणि त्याचा वापर घटला, हेही त्याच मोजण्यामुळे कळलं. किंवा अंगणातली सदाफुली घ्या. मधुमेहावरचा घरगुती उपाय म्हणून कॅनडात तिची तपासणी झाली. उंदरांची साखर उतरली नाही, पण त्यांच्या पांढऱ्या पेशी मात्र झपाट्याने कमी झाल्या. दावा खोटा ठरला म्हणून वही मिटली असती, तर बालकांच्या रक्ताच्या कर्करोगावरचं व्हिन्क्रिस्टिन मिळालं नसतं.

सिकलसेलपुरतं बोलायचं तर सगळ्यात जवळचं उदाहरण नायजेरियाचं आहे आणि ते विदर्भातल्या माणसाने मुद्दाम ऐकावं. तिथल्या एका पारंपरिक वैद्याचा नुस्खा अबुजाच्या राष्ट्रीय औषध संशोधन संस्थेने चार्ल्स वाम्बेबे यांच्या नेतृत्वाखाली तपासला. त्यात चार घटक: आफ्रिकी मिरीच्या बिया, आपल्या बिजाच्या कुळातल्या एका झाडाचं खोड, लवंग आणि ज्वारीची पानं. आधी प्राण्यांवर विषबाधेच्या तपासण्या, मग रुग्णांवर निरुपद्रवी गोळीशी तुलना करणारी चाचणी. 2001 मध्ये निकाल छापला: तीव्र वेदनेचे झटके कमी झाले. दुसरं काम तुरीच्या अर्कावर झालं, त्यातले निष्कर्ष मात्र कच्चे राहिले. वैद्यकीय चाचण्यांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या आढाव्याने या दोन्ही चाचण्या तपासून सांगितलं की पहिल्या औषधाने झटके कमी होताना दिसतात, पण रक्तक्षय आणि गंभीर गुंतागुंत यांवर परिणाम दिसलेला नाही, मोठ्या चाचण्या हव्यात. हे यश आहे की अपयश? माझ्या मते हे खरं संशोधन आहे, त्याच्या मर्यादांसकट. पुढे ते औषध एका अमेरिकी कंपनीकडे गेलं, 2006 मध्ये बाजारात आलं, 2008 मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं आणि उत्पादन थांबलं. ज्यांना गुण येत होता असे रुग्ण उघड्यावर पडले. यातून शिकण्यासारखं पुष्कळ आहे. पण ज्वारी, लवंग आणि तूर ज्या प्रदेशात घराघरात आहेत, तिथे त्या चाचण्या मोठ्या प्रमाणावर पुन्हा करून पाहण्याची भाषाही आपण करत नाही. त्याऐवजी दूरच्या एखाद्या ‘चमत्कारी’ मुळीविषयी भांडत बसतो.

संशयवाद्यांचा दुसरा मुद्दा जास्त वजनाचा आहे: पैसा एकच आहे, तो हायड्रॉक्सियुरिया, तपासणी आणि रक्तपेढ्यांवर घाला, काढ्यांवर नको. हा मुद्दा मी अर्धा मान्य करतो. 1995 च्या अमेरिकी चाचणीत निरुपद्रवी गोळी घेणाऱ्या मधल्या रुग्णाला वर्षात साडेचार झटके आले, तर हायड्रॉक्सियुरिया घेणाऱ्याला अडीच, तेव्हा ते औषध आधी पोहोचायलाच हवं. ते लहान मात्रेत, किलोला 10 मिलिग्रॅम, आपल्या गंभीर आजारी मुलांना उपयोगी पडतं, हे दाखवणारं काम तर नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातच झालं आणि 2012 मध्ये छापून आलं. तरी तालुक्याच्या ठिकाणी पांढऱ्या पेशींची नियमित तपासणी होत नाही म्हणून डॉक्टर ते लिहायला कचरतात आणि ‘कर्करोगाची गोळी’ म्हणून आईबाप द्यायला घाबरतात. ही भीती दूर करणं कुठल्याही मुळीच्या शोधापेक्षा तातडीचं आहे. पण म्हणून दुसरा अर्धा भाग मी मान्य करत नाही. वनस्पतींवर खर्च होणार नाही असं समजणं भाबडेपणाचं आहे. तो आजही होतो आहे, खाजगीत, गुपचूप, आणि सगळा रुग्णांच्या खिशातून. पुड्यांवर महिन्याला जो पैसा जातो त्यातून ज्ञानाचा एक कणही जमा होत नाही. शिवाय वनस्पतीवर कोणाचंच पेटंट टिकणार नसेल तर खाजगी कंपनी मोठी चाचणी करणार नाही. मग सरकारने केली नाही तर कोणी करायची? आणि आज ग्रंथात उल्लेख असलेल्या औषधाला परवाना देताना तो उल्लेखच गुणाचा पुरावा धरला जातो. जिथे नियम इतका सैल आहे, तिथे स्वच्छ नकारार्थी निकालसुद्धा लोकांचा पैसा वाचवतो.

नागपुरात यासाठी लागणारं जवळपास सगळं आहे, हे मला वारंवार सांगावंसं वाटतं. मेडिकल आणि मेयो या दोन्ही सरकारी रुग्णालयांमध्ये पिढ्यानपिढ्या सिकलसेलचे रुग्ण येत आहेत. एम्स आहे. केंद्र सरकारची आयुर्वेद संशोधन संस्था आहे. विद्यापीठाचा औषधनिर्माणशास्त्र विभाग आहे. अर्काचं प्रमाणीकरण करू शकणारी यंत्रं आहेत. नाही ते एवढंच, की ही माणसं एका टेबलाभोवती बसत नाहीत. त्यांनी दोन-तीनच वनस्पती निवडाव्यात, तीस-चाळीस नको. चाचणीतल्या प्रत्येक रुग्णाला हायड्रॉक्सियुरिया चालूच राहील आणि अर्काची गोळी किंवा निरुपद्रवी गोळी त्याच्या जोडीला मिळेल. मोजायचं काय ते आधी जाहीर करून नोंदवावं: झटके, भरतीचे दिवस, रक्ताच्या बाटल्या, आणि मुलांमध्ये डोक्यातल्या रक्तवाहिन्यांचा डॉपलर. मेंदूच्या वाहिनीत रक्ताचा वेग सेकंदाला 200 सेंटिमीटरवर गेला की लकव्याचा धोका वाढतो आणि अशा मुलांना नियमित रक्त दिलं तर तो धोका कितीतरी कमी होतो, हे 1998 पासून माहीत आहे. तरी ही बिनदुखीची तपासणी किती जिल्हा रुग्णालयांत होते? वनस्पतींच्या चाचणीच्या निमित्ताने ती गडचिरोली-गोंदियात पोहोचली, तर अर्क निकामी ठरला तरी मुलांच्या पदरात काहीतरी पडेल. आणि निकाल काहीही लागो, तो छापलाच पाहिजे. आपल्याकडे ‘गुण आला’ तेवढंच छापलं जातं, ‘गुण आला नाही’ ते कपाटात राहतं, आणि दहा वर्षांनी दुसरा विद्यार्थी तीच वनस्पती घेऊन तिथूनच सुरुवात करतो.

संमतीपत्र मराठीत असून भागणार नाही, गोंडी आणि माडियातही समजावून सांगावं लागेल. मुलाचा सहभाग नाकारला तर उपचार थांबणार नाहीत, हे आशाताईच्या तोंडून कळलं तर लोक विश्वास ठेवतील, शिक्क्याच्या कागदावर ठेवणार नाहीत.

आणि वैदूंचा वाटा. केरळातल्या काणी आदिवासींनी सांगितलेल्या आरोग्यपच्चा या वनस्पतीपासून तिरुअनंतपुरमच्या वनस्पती उद्यानाने औषध केलं आणि 1990 च्या दशकात परवान्याच्या पैशातला निम्मा भाग त्या जमातीला द्यायचं ठरवलं. त्या व्यवस्थेत पुढे अडचणी आल्या, पण जगात अशा वाटणीची सुरुवात करणाऱ्यांत ते होते. आपल्याकडे 2002 चा जैवविविधता कायदा आहे, गावागावांत जैवविविधता समित्या कागदावर आहेत, गडचिरोलीत मेंढा-लेखासारखी स्वतःच्या जंगलाचा हक्क मिळवलेली गावं आहेत. ज्या माणसाने मुळी दाखवली त्याचं आणि त्याच्या गावाचं नाव, अर्क निघाला तर मिळणारा वाटा, आणि मुळी निकामी ठरली तर तो निकाल आधी त्याला जाऊन सांगण्याची जबाबदारी, हे तिन्ही करारात असायला हवं. आणि तो करार पहिल्या रुग्णाला पहिली गोळी देण्याआधी ग्रामसभेत वाचून दाखवला गेला पाहिजे.